विहीर क्रमांक सातच्या बाटल्या

उकंडरावांची नात राखी उजवली, ते साल दोन हजार पंचवीस. फेब्रुवारीच्या शेवटी लग्न झालं आणि मार्चच्या चार तारखेला, मंगळवारी, मांडवाचे बांबू परत करून उकंडराव वाशीमला कामावर हजर झाले. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. घरी बसलं की त्यांचे पाय उगाच ब्रेक शोधत. म्हणून सुकेशनीबाईंची जुनी जीप तेच चालवायचे.

सुकेशनी वानखडे पूर्वी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होत्या. ती नोकरी सोडून त्यांनी बसस्टँडसमोर एक खोली घेतली आणि खासगी तपासाचं काम सुरू केलं. पीकविम्याचे खोटे दावे, बोगस बियाणं, शेताच्या धुऱ्याची भांडणं. चाळिशीची बुटकी बाई, जाड भिंगांचा चष्मा. सांगणं थोडं, विचारणं फार.

दहाच्या सुमारास दारात एक तरुण बाई येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. आत या म्हटलं तरी ती उंबऱ्यावरूनच बोलायला लागली.

"ताई, तुमी खोटं शोधून काढता म्हन्ते. मले एक खोटं शोधून द्या. परवाच्या आत. नाई त माहा घरवाला जाते."

तिचं नाव चंदा. मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या पलीकडं, बोरमाळ तांड्याची सून. तिचा नवरा राजपाल अकोल्याच्या दवाखान्यात होता. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, यकृत निकामी होत चाललेलं.

"दोन वर्षांखाली तांड्यावर कारखाना आला. पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचं कुटार तेजाबात उकळते अन् त्यातून कायचं तरी रसायन काढते. सालभरापासून आमच्या विहिरीच्या पान्याले करपल्या भाकरीसारखा वास येऊन राह्यला. पयले बकऱ्यांनी पानी सोडलं. बकऱ्यायले तलाव सापडते, ताई. आमाले कोन तलावावर नेते? सत्तावन्न घरं तेच पानी पेतात."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हन्ते, पान्यात काय हाये ते सांगा, मंग त्याच्यावर उपाय करतो. आमी हा कागद दाखवला, त म्हने पानी साजरं हाये, हा दारूचा आजार हाये. राजपाल थेंब घेत नाई!"

पिशवीतून तिनं कागदांची चळत काढली. कारखान्याला चौपट वाढायचं होतं. त्यासाठी पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्याचा अहवाल एका संस्थेकडून करून घेतला होता. गुरुवारी त्यावर जनसुनावणी होती. अहवालात तांड्याची विहीर होती क्रमांक सात. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही वेळचं पाणी पिण्यास योग्य. म्हणून टँकर मंजूर झाला नाही, विहीर बंद केली नाही, आणि गुरुवारी हेच कागद पुन्हा वाचले जाणार होते.

"अन् तांडा म्हन्ते, हे किसननं केलं. माहा देर, राजपालचा लहाना भाऊ. तपासनीवाल्याची पेटी गाडीवर बांधून तिन्ही टाइम त्यानंच वाशीमले नेली. कारखान्यात नोकरी भेटाची म्हनून त्यानं रस्त्यात बाटल्या बदलल्या म्हन्ते. मारलं लोकायनं त्याले. सख्ख्या भावाच्या खाटेपाशी जाऊ देत नाईत."

सुकेशनीबाई अहवालाचं एक पान वाचत होत्या. वाचता वाचता मोठ्यानं बोलू लागल्या, तशी त्यांची सवयच होती.

"सील शाबूत. गढूळपणा शून्य. आजूबाजूच्या आठ विहिरींचं पाणी जड, क्षार पाचशेच्या वर. सातचे फक्त एकशे चाळीस. ॲल्युमिनियम मात्र सातचंच जास्त, तिन्ही वेळा. आणि ही खाली बारीक अक्षरात टीप. बाटलीत आधीच घातलेलं आम्ल आढळलं नाही."

"कायचं आम्ल?" उकंडरावांनी विचारलं.

"नमुना टिकावा म्हणून प्रयोगशाळाच रिकाम्या बाटलीत थेंबभर घालून देते, काका."

"मंग नसन घातलं एखाद्या वेळी. बाकी पानी त चांगलंच दिसते."

"चांगलं दिसते, तेच तर खटकते मले." त्या उठल्या. "जीप काढा."

रस्त्यानं उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग लागत होते आणि त्या भरून नेणारे ट्रक. चंदा काचेतून बघत म्हणाली, "आमची चूल याच्यावर पेटे. रिपोटात लिवलं, हा कचरा हाये, वावरातच जाळून टाकतात, कारखान्यानं नेला त धूर वाचते. कोनं इचारलं आमाले?"

सुकेशनीबाईंनी आधी विहीर दाखवायला सांगितली. तांड्यापासून खाली उतरत जाणारी, काळ्या मातीची चारशे पावलांची वाट. विहिरीवर दोन दगडी खांब उभे होते, मधे काही नव्हतं. काठाच्या दगडाला दोरानं बोटभर खोल चऱ्या पडल्या होत्या.

"कप्पी?"

"तुटली. माही पोरगी झाली त्या साली. पोरगी आता चार वर्षांची हाये. हातानंच ओढतो."

चंदानं बादली शेंदून वर काढली. वास नाकात गेला तसे उकंडराव मागं सरले. सुकेशनीबाईंनी पेटीतून कागदाची पट्टी काढून बुडवली, ती लाल झाली. मग थेंब मोजत दुसरी तपासणी केली. "क्षार सहाशे वीस," त्या म्हणाल्या. एक बाटली भरून, सील करून त्यांनी चंदाच्या हाती दिली. "असंच परत फिर. अकोल्यात या पत्त्यावर माझी मैत्रीण प्रयोगशाळा चालवते. तिला म्हणावं, उद्यापर्यंत पाहिजे. तिचा कागद डॉक्टरला दे."

उकंडरावांना हायसं वाटलं. "झालं की मंग! काम फत्ते."

"डॉक्टरपुरतं झालं. सुनावणीत ही बाटली कोणी धरणार नाही. म्हणतील, तुम्हीच कालवलं असेल. तिथं तीन सीलबंद बाटल्या आहेत, काका. त्या खोट्या कशा झाल्या, ते सांगता आलं तरच विहीर बंद होईल."

चंदा तांड्यातल्या एकाच्या मोटरसायकलवर बसून गेली. जाताना तिनं सासरच्या ओसरीवरच्या पिंपातून दोन पेले पाणी घटाघट प्यायलं. रात्रंदिवस जागलेल्या बाईला आपण काय पितो याचं भान नव्हतं, की दुसरं पाणी मागायची रीत नव्हती, उकंडरावांना कळलं नाही.

तांड्याचा नायक दौलतसिंग म्हणजे चंदाचा सासरा. छातीपर्यंत पांढरी दाढी, कंबर ताठ, पण पाहुण्यांना राम राम करताना आवाज फाटत होता. त्याची बायको रुपाबाई गुडघे धरत उठली. तिनं लोटा राखेनं घासला, एकदा धुतला, दुसऱ्यांदा धुतला, तिसऱ्यांदा उजेडात धरून पाहिला. मग आतल्या कोपऱ्यातल्या, ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यातून पाणी घेऊन आली. तिच्या पायांवर घोट्याच्या वरपर्यंत लाल मुरमाची धूळ होती.

उकंडरावांनी लोटा वर धरून पाणी घशात सोडलं. थंड आणि गोड. मघाच्या वासाचा मागमूस नाही.

"बाई, हे पानी त झकास हाये हो," ते सुकेशनीबाईंच्या कानाशी लागले. "वास आज बादलीलेच असन."

सुकेशनीबाईंनीही पाणी घेतलं. प्यायच्या आधी पेला बराच वेळ निरखला. उकंडरावांची नजर मडक्यावरच्या कोनाड्याकडं गेली. तिथं तुरटीचा पांढरा खडा होता. नायकाची दाढीची तुरटी, त्यांच्या मनात आलं, आणि लग्नाच्या धांदलीत आपलीही दाढी आठ दिवसांची झाली, हे आठवून त्यांनी गालावरून हात फिरवला.

किसन अंगणाच्या कडेला बसला होता. भुवईवर टाके, ओठ फाटलेला.

"पेटीला सील कुठं लावलं होतं?"

"इथंच, या निंबाखाली. तपासनीवाल्या नवीनसाहेबानं आपल्या हातानं लावलं, नंबर लिवला. वाशीमले लॅबवाल्यायनं नंबर भिडवून पाह्यला, तवाच पेटी घेतली. म्या सील तोडलं असतं त घेतली असती काय?"

"पाणी भरताना तू होता?"

"नाई. मी गाडीत पेट्रोल टाकाले जाओ. वापस येओ तवर पेटी तयार राहे." तो एकदम कळवळला. "मले राजपालपाशी जाऊ द्या म्हना ना बापाले! तो माह्या हातून जेवते. दुसऱ्याच्या हातून जेवत नाई तो."

दौलतसिंगनं मान फिरवली. "तांड्याचा न्याय होऊ दे पयले," तो म्हणाला.

कारखान्याचा मॅनेजर पवन देशमुख त्यांना फाटकावरच भेटला. मागं पऱ्हाट्यांचे डोंगर, त्यामागं सांडपाण्याचं काळं तळं.

"आमच्या तळ्याला जाड प्लास्टिक घातलंय, मॅडम. आणि अहवाल आम्ही लिहीत नाही. स्वतंत्र संस्था आहे."

"तुमचं कोणी तांड्यावर जातं?"

"दगड खायला? वर्षभरात एक माणूस गेला नाही."

"अहवालात विहीर स्वच्छ निघाली तेव्हा बरं वाटलं असेल."

पवननं आवाज खाली आणला. "खरं सांगू? आश्चर्य वाटलं. आम्ही तर तांड्याला आमच्या खर्चानं टँकर द्यायचं पत्र तयार ठेवलं होतं. पहिला अहवाल आला आणि वरच्यांनी पत्र फाडलं."

परत फिरताना उकंडराव दात खात म्हणाले, "हाच हाये चोर. तोंडावरूनच दिसते."

"चोराने टँकरचं पत्र कशाला लिहिलं असतं, काका? ज्याने बाटल्या बदलल्या त्याला निकाल आधी माहीत असतो."

नमुने घेणारा नवीन सुनावणीसाठी वाशीमच्या एका लॉजवर उतरला होता. पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र, बोलणं घाईचं.

"मी स्वतः घेतले नमुने. तिन्ही वेळा. कप्पीवरून दोर सोडायचा, वरचं पाणी बाजूला सारायचं, मधल्या थरातलं घ्यायचं. पुस्तकात आहे अगदी तसं."

"बाटलीतलं आम्ल?"

"ते असतंच. मी बाटली धूत नाही, एवढं कळतं मला."

"नायकाकडं चहा घेतला असेल."

"न घेऊन सांगता कोणाला?" तो पहिल्यांदा हसला. "ती म्हातारी बसल्याशिवाय हलू देत नाही. पाहुणा उन्हात उभा राहिला तर तिलाच चटका बसतो."

सुकेशनीबाईंनी वही मिटली. जीपमध्ये उकंडरावांनी दोनदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सापडलं. न सापडतं तर बरं होतं."

बुधवारी दुपारी चारला नायकाच्या अंगणात तांडा जमला. नवीनला सुकेशनीबाईंनी, "सुनावणीआधी एकदा विहीर दाखवून दे," असं सांगून आणलं होतं. किसन एका बाजूला एकटाच उभा होता. रुपाबाई चुलीजवळ चहा ठेवत होती.

"दोन वाजता चंदाचा फोन आला," सुकेशनीबाई म्हणाल्या. "विहिरीच्या पाण्यात तेजाब आहे आणि फरफ्युरल आहे. पऱ्हाट्या उकळून जे काढतात तेच. तळ्याच्या प्लास्टिकखालून झिरपतं आहे. डॉक्टरांनी औषध बदललं. आता सवाल एकच. तीन वेळा हे का दिसलं नाही?"

"यानं बदलल्या बाटल्या!" कोणीतरी किसनकडं बोट केलं.

"नाही. सील निंबाखाली लागलं आणि वाशीमला शाबूत उतरलं. किसन निर्दोष आहे. कारखान्याचं माणूस तांड्यावर आलं नाही आणि त्यांना स्वच्छ निकालाची आशाही नव्हती. म्हणजे जे झालं ते सील लागायच्या आधी, या अंगणात झालं. बाटल्यांत विहिरीचं पाणी कधी पडलंच नाही."

नवीन उठू लागला. उकंडरावांनी खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

"नवीन, तू म्हणाला, कप्पीवरून दोर सोडला. मागच्या मे महिन्यात, ऑगस्टात आणि डिसेंबरात. त्या विहिरीवर चार वर्षं कप्पी नाही. तू ती विहीर पाहिलीच नाहीस."

अंगणात गलका उठला. दौलतसिंगनं हात वर केला तेव्हा थांबला.

"ऊन होतं," नवीन पुटपुटला. "एका दिवसात नऊ विहिरी करायच्या होत्या. मला वाटलं... पाणी एकाच विहिरीचं, घरातून घेतलं काय..."

"घरातलं पाणी विहिरीचं नव्हतं," सुकेशनीबाई म्हणाल्या. "कालच्या लोट्यातलं पाणी मीही प्यायले. गोड होतं, म्हणजे त्यात क्षार कमी. पाझर तलावाचं. तलावाची वाट लाल मुरमाची आहे, विहिरीची काळ्या मातीची. तलावाचं पाणी गढूळ असतं, ते तुरटी फिरवून नितळ केलेलं होतं. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, ते तिन्ही अहवालांत आहे. काका, तुम्हाला ती तुरटी दाढीची वाटली ना? नायकाची दाढी बघा, तिला वस्तरा कधी लागला असेल? आणि बाटलीतलं आम्ल गेलं, कारण बाटल्या भरायच्या आधी कोणीतरी निगुतीनं घासून धुतल्या."

एवढं बोलून त्या थांबल्या. उकंडरावांना आता सगळं दिसलं. बाई पुढचं नाव घेणार नाहीत, हेही त्यांना कळलं. "दोष या पोराचा आहे," सुकेशनीबाई घाईनं म्हणाल्या. "त्यानं उद्या सुनावणीत कबूल करावं. बस. उठा सगळे."

पण चुलीपाशी बसलेली रुपाबाई पदर सावरत उठली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट कोणीतरी शेवटी आपल्या कामाची दखल घेतली, तसा तिचा चेहरा उजळला होता.

"म्याच त भरल्या बाटल्या. त्या पोराच्या हातातून ओढूनच घेतल्या. नायकाच्या घरचा पाहुना विहिरीवर जाऊन पानी शेंदते काय? म्या पाह्यलं त बाटलीत आंबट-आंबट काही लागलेलं. राखेनं घासल्या, तीन पान्यानं धुतल्या. मडक्यातलं पानी भरलं. दीड कोसावरून आनतो ना मी ते, रोज एकच हंडा, गुडघे चालत नाईत आता. पाहुन्यासाठीच ठेवतो. घरच्यायले नाई देत."

"याडी, बस खाली," किसन म्हणाला. आईला तो याडी म्हणायचा.

"काहून बसू? तो तपासनीवाला पोरगा म्हने, वाशीमचे साहेब हे पानी तपासतीन. मी म्हनलं, साहेब पेऊन पाह्यतीन. वासाचं पानी धाडलं असतं त काय म्हनले असते? या तांड्याच्या बाया आळशी हायेत म्हनले असते. म्या लाज राखली तांड्याची."

किसननं आईचा दंड धरला. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग नवऱ्याकडं, मग चुलीवर उतू चाललेल्या चहाकडं. आणि उकंडरावांच्या डोळ्यांदेखत तिचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

"मंग साहेबायनं जे लिवलं... पानी साजरं हाये म्हनून... ते माह्या मडक्यातलं लिवलं?"

"मावशी," सुकेशनीबाई तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या, "विहीर चारशे पावलांवर होती आणि याचे पाय धड होते. चूक याची. तुमची नाही."

"त्याच्यानं टँकर नाई आला?"

"मावशी..."

"अन् राजपाल तेच पानी पेत राह्यला? मी मडकं झाकून ठेवो. तो एक डाव म्हने, याडी, आज मले त्यातलं दे, तोंड लई कडू झालं. म्या म्हनलं, पाहुन्याचं हाये ते."

दौलतसिंग भिंतीला टेकून खाली बसला. ताठ कंबरेचा माणूस, पण आता त्याला उठवायला दोघं लागले. उठल्यावर तो आधी किसनपाशी गेला. फाटलेल्या ओठावरून त्यानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "जा. गाडी काढ. भावाले जेवू घाल." किसन जाग्यावरून धावतच सुटला.

नवीन तोंड झाकून रडत होता. उकंडरावांना त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. तो म्हातारीचा आग्रह मोडू शकला नव्हता. काल त्यांनीही लोटा घेतलाच होता आणि पाणी झकास म्हणून मोकळे झाले होते.

रुपाबाईनं मडकं उचलून अंगणात आणलं. ती ते फोडणार असं सगळ्यांना वाटलं. तिनं फोडलं नाही. शेजारच्या लेकुरवाळ्या बाईच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "लेकरायले हे पाज."

गुरुवारी, सहा मार्चला, सकाळी अकराला जनसुनावणी सुरू झाली. नवीननं माइकवर उभं राहून सगळं कबूल केलं. सुकेशनीबाईंनी विहीर क्रमांक सातचे तिन्ही कागद एकेक करून वाचले आणि अकोल्याचा चौथा त्यांच्याशेजारी ठेवला. अधिकाऱ्यांनी अहवाल परत पाठवला, नव्यानं पाहणी होईपर्यंत कारखाना वाढवायला मनाई केली आणि विहिरीवर त्याच दिवशी लोखंडी जाळी टाकायला सांगितलं. साडेबाराला पहिला टँकर बोरमाळ तांड्याकडं निघाला.

औषध बदललं होतं, पण उशीर झाला होता. राजपाल दौलतसिंग आडे, वय एकतीस, गुरुवार सहा मार्च दोन हजार पंचवीस रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अकोल्याच्या दवाखान्यात वारला. त्याची बायको चंदा आणि भाऊ किसन त्याच्याजवळ होते.